पावणेआठ

मालक बदलल्याचं आम्हाला बेकरीत कळलं.
ओदिल सुटे पैसे मोजत होती, म्हणाली,
"फुल्क्रां, कोणीतरी विकत घेतलंय आपल्याला."
जणू काचेमागे ठेवलेली
शेवटची दोन बिस्किटं आम्ही.

तार्नच्या काठी आम्ही लोकांचे हात शिवतो.
हातमोजे म्हणायचं, पण इथे कोणी म्हणत नाही.
"आज किती हात झाले?" असंच विचारतात.
संध्याकाळी खिडकीशी, गरम पितळी पंजांवर
रिकामे हात रांगेत उभे असतात,
वर केलेले.
त्या आठवड्यात युनियननेही केले होते,
बँकेनेही. धाकट्या मालकाने तर
ते केव्हाच झटकले होते.

नवे लोक नाव ठेवतील, माणसं काढतील,
शिलाईची यंत्रं पेट्यांत भरून
कुठल्या कुठे नेतील:
कॉफीच्या मशीनपाशी एवढं ठरलं होतं.
कुठे, यावर मात्र पैजा होत्या.

आदिस अबाबावर कोणीच लावली नव्हती.

ती नोव्हेंबरात आली, सपाट बुटांत.
त्सिगेरेदा वोल्देमेस्केल.
सोबत एक दुभाषा, दिवसभर बेकार बसलेला.
माझ्या मेजावरचं कातडं तिने उचललं,
उजेडाकडे धरलं, अंगठा फिरवला.
"सेलालेकडची मेंढी," म्हणाली.
"आणि हा ओरखडा बाभळीचा."

तीस वर्षं तो ओरखडा मी चुकवत आलो,
कडेला सारत, अंगठ्याच्या बेचक्यात लपवत.
माझ्यासाठी कातड्याला लॉट नंबर होता.
त्याच्यामागे एखादं झाड असेल
असं कधी वाटलं नाही.

मग तिने जुन्या खरेदीवह्या मागवल्या.
वाल्देमार, आदिस. वाल्देमार, आदिस.
पानामागून पान, सुबक तिरक्या अक्षरात.
"हे कोण?" ओदिलने विचारलं.
"माझे वडील," ती म्हणाली.
"आमच्याकडे वाल्देमार असं नाव नसतं."
तिचं बोट नावावर थांबलं नाही,
दराच्या रकान्यावरून खाली गेलं.
एकोणीस वर्षं.
दर एकदा चढलेला, दोनदा उतरलेला.
वही मिटली तेव्हा
धूळ तेवढी उडाली.

चौघांना तिनेही काढलं.
वरचा मजला बंद केला, हीटर आधी, मग दिवे.
हे सांगितलंच पाहिजे.
चौघांत ओदिलची बहीण होती.

निघताना तिने माझ्यासमोर उजवा हात ठेवला.
मी फीत गुंडाळली, पुन्हा गुंडाळली.
पाची बोटं सारखी नसतात
हे आमच्याइतकं कोणाला कळणार?
सव्वासहा, पावणेसात, प्रत्येकीला वेगळा खण.
पण बायकांचे साचे आमच्याकडे
साडेसातला संपतात.
हिचा हात पावणेआठ.

"तिकडे लागतात का हातमोजे?"
मी विचारलं, आणि जीभ चावली.
"डोंगरात पहाटे गवत पांढरं होतं," ती म्हणाली.
"मेंढीला निदान तिचं कातडं असतं."

रात्री मी पुठ्ठा घेऊन बसलो.
करंगळी जमली, अंगठा दोनदा चुकला.
मागच्या बाजूला माप लिहिलं.
नाव लिहायला पेन्सिल टेकवली आणि अडलो.
वहीत पाहून उतरवावं
तर वहीत वाल्देमार.
सकाळी फोन करून विचारू म्हटलं,
अक्षर अक्षर सांगा.

"ही जोडी मी शिवणार नाही," ओदिल म्हणाली.
दुपारी चष्मा पुसून
तिनेच सुई ओवली.
बहिणीचा विषय
आम्ही काढला नाही.